राहत्या जागेचा रकाना

आमच्या घरातलं सगळं इंग्रजी माझ्या हातून बाहेर जात असे. नगरपालिकेला नळाची तक्रार असो की अप्पांच्या पेन्शनीबद्दलचं पत्र, मजकूर अप्पा सांगत आणि मी लिहीत असे. कुंभकोणमच्या कॉन्व्हेंटमधून शाळा संपवून मी घरी बसले होते. एकोणीस वर्षांची होते आणि चार माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द निघत नसे. पाहुणे आले की मी आतल्या चौकात तांदूळ निवडायला बसायची. मात्र पत्र लिहायचं असलं की अप्पा त्याच पाहुण्यांसमोर मला हाक मारीत, मी लिहीत असताना सगळे गप्प बसत, आणि तेवढा वेळ त्या घरात माझी एक जागा असे.

अण्णा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो तिरुच्चीला रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. तिथे तो आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहायचा, मेसमध्ये जेवायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचा. हातपाय धुऊन कॉफी घेतली की दारापुढच्या तिण्णैवर, त्या रुंद ओट्यावर, तो खांबाला टेकून बसे आणि मला एक इंग्रजी शब्द देई. मी त्या शब्दाचे शेजारी सांगायचे. तो म्हणे, "चाल." मी चालण्याचे सात प्रकार सांगे. तो म्हणे, "हे दोन सारखेच." मग ते दोन सारखे का नाहीत यावर आम्ही दिवे लागेपर्यंत भांडत असू. या खेळात तिसरं माणूस नव्हतं.

मग वहिनी आली.

आमच्याकडे मुली तंजावर-कुंभकोणमच्या आपल्या चार घरांतूनच यायच्या. अप्पांच्या मनानं मात्र घेतलं की एकदा तरी तिकडची सून आणायची. तिकडची म्हणजे जिथून आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजाच्या चाकरीत इकडे आले, त्या मुलखातली. वहिनी साताऱ्याची. ती आल्यापासून घराला स्वतःचं बोलणं ऐकू यायला लागलं. आम्ही घरात जे मराठी बोलतो ते केव्हाचं इकडे आलेलं आणि इथेच राहून गेलेलं. मध्ये तमिळ शब्द येतात, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की आम्ही सरळ तमिळच बोलतो. आईचं "मजला" आणि "तुजला" ऐकून वहिनी पहिल्या दिवशी ओठ दाबून बसली होती, हे मी पाहिलं होतं. आईनं मात्र ते पाहिलं नाही. ती शेजारणींना बोलावून आणायची आणि वहिनीला म्हणायची, "बोल गे, आणीक बोल. कसं गोड बोलते, ऐका!" त्या शेजारणींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या माना डोलवायच्या.

अप्पा संध्याकाळी पोथी तिच्याकडून वाचून घेऊ लागले. आधी ते स्वतः वाचत. मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मला बाळबोध अक्षरं लावत लावत वाचावी लागत.

मला वाईट वाटायला लागलं ते यामुळे नव्हे, असं मी स्वतःला सांगत असे. पोथी तिची असू दे. शनिवार माझा होता. पण शनिवारीही अण्णाच्या पिशवीतून आता केळीच्या पानात बांधलेली मोगऱ्याची वेणी निघायची, आणि माझं इंग्रजी मासिक तिच्याखालून यायचं, ओल्या डागासकट. मग एका शनिवारी तो म्हणाला, "हे तुम्ही दोघींनी मिळून वाचा. आणि तू हिला इंग्रजी शिकव. तुझ्याइतकं चांगलं कोण शिकवणार?"

मी मान हलवली. त्या संध्याकाळी तिण्णैवर तो शब्दांचा खेळ वहिनीला समजावून सांगत होता. मी आत दूध तापवत होते. दूध उतू गेलं.

दुपारची जेवणं आटोपली की वहिनी वही घेऊन माझ्याकडे यायची. मी तिला इंग्रजी शिकवायचं आणि तिनं मला नीट मराठी लिहायला शिकवायचं, असं तिनंच ठरवलं. "फिटंफाट, वन्सं," ती म्हणाली. वन्सं हा शब्द मी तोवर ऐकलाच नव्हता. नवऱ्याच्या बहिणीला म्हणतात, हे तिनं सांगितलं. ती माझ्याहून दीड वर्षानं मोठी असून मला अहोजाहो करायची, आणि ते मला आवडायचं. याचाही मला राग यायचा. तिला काही आवडण्यासारखं नसतं तर माझं काम सोपं झालं असतं.

ती हुशार होती. मी मुद्दाम अवघड करून सांगितलं तरी ती पकडायची. एके दिवशी मी तिला राहण्याच्या जागांचे शब्द शिकवायला घेतले. हा माझा आवडता भाग. शाळेत आमच्या सिस्टर सांगत की सारखे वाटणारे शब्द सोनाराच्या काट्यावर घालून बघायचे. मी तशीच सांगत गेले. हाऊस म्हणजे भिंती आणि छप्पर. रेसिडेन्स म्हणजे मोठ्या माणसांचं आणि कागदावरचं. ड्वेलिंग पुस्तकात. लॉजिंग म्हणजे दुसऱ्याच्या जागेत भाडं देऊन काही दिवस टेकणं. क्वार्टर्स सरकारनं दिलेले, नोकरी आहे तोवर. आणि होम म्हणजे जिथे आपली माणसं आहेत ते.

"आमच्याकडे सगळ्याला घरच म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणूनच इंग्रजी शिकायचं," मी म्हणाले.

ती हसली. मग पेन्सिल हनुवटीला लावून म्हणाली, "आणि बिऱ्हाडाला काय म्हणायचं?"

"बिऱ्हाड म्हणजे?"

"अहो, बिऱ्हाड! नोकरीच्या गावी नवरा-बायको चूल मांडतात ते. दोन खोल्या असल्या तरी चालतात. माझ्या बहिणीनं कोल्हापूरला केलंय."

आमच्या बोलीत तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. इकडे आल्यापासून आमच्या घराण्यातलं कुणी चूल उचलून दुसरीकडे गेलंच नव्हतं. मी म्हणाले, "असा शब्द इंग्रजीत नाही," आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या शब्दांची वाक्यं करून आणली. तिच्या वहीत लिहिलं होतं: माय हजबंड्स लॉजिंग इज इन तिरुच्ची. माय हाऊस इज इन कुंभकोणम. माय होम इज नॉट येट.

मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग त्याखाली लाल शाईची रेघ ओढली आणि म्हणाले, "हे अपुरं आहे. असं वाक्य होत नाही."

"हो का?" ती म्हणाली. तिनं वही मिटून घेतली. त्यात काय म्हटलं होतं हे मला समजलं नव्हतं असं नाही.

त्याच सुमारास कचेरीतल्या लोकांसाठी नवे क्वार्टर्स तयार झाले. त्या शनिवारी अण्णा अर्जाचा कोरा कागद घेऊन आला. संध्याकाळभर दोघं तिण्णैच्या कोपऱ्यात हलक्या आवाजात बोलत होती आणि वहिनी मध्येच हसायची. मला मासिकात काहीच दिसत नव्हतं. सोमवारी पहाटे निघताना त्यानं कागद माझ्या हातात दिला. खाली सही केलेली होती. वर सगळं कोरं.

"माझ्या अक्षरात दिला तर साहेब मुंग्या झटकल्यासारखा झटकून टाकेल," तो म्हणाला. "तू भर. तुला सगळं ठाऊक आहे. बुधवारी पोस्टात पडला की झालं. एकच कागद मिळालाय, जपून."

त्याची सही मी कितीतरी वेळ बघत बसले. क्वार्टर्स मिळाले म्हणजे शनिवार संपले. नंतर सणावाराला येतील, दोघं, पाहुण्यांसारखी.

मंगळवारी अप्पा झोपाळ्यावर बसले, मी खाली पाटावर, वहिनी खांबाआड. अर्जात चार रकाने जवळजवळ सारखे होते. मूळ गाव, कायमचा पत्ता, सध्याचं राहण्याचं ठिकाण आणि अर्जाचं कारण. पहिल्याच रकान्याशी अप्पा अडले.

"मूळ गाव कुंभकोणम कसं? लिही, वाईजवळचं आपलं गाव."

"अप्पा, ते गाव आपण कुणी पाहिलेलं नाही."

"पाहिलं नाही म्हणून मूळ बदलतं काय? सूनबाई, तू सांग, आहे की नाही ते गाव?"

खांबाआडून वहिनी म्हणाली, "आहे, मामंजी. आमच्या आत्या तिथे दिल्यात."

"ऐकलंस? कसं आहे गे ते?"

"बरं आहे. एक दुकान आहे."

"एकच?"

"आणि एक पिठाची गिरणी."

अप्पांनी झोपाळा थांबवला. मग पुन्हा पायानं रेटा दिला. "तरी लिही," ते म्हणाले, आणि मी लिहिलं.

कायमचा पत्ता झाला. मग तो रकाना आला. सध्याचं राहण्याचं ठिकाण. तिथे एकच शब्द जायला हवा होता, लॉजिंग, आणि त्यापुढे तिरुच्चीच्या त्या खोलीचा पत्ता. मी लेखणी दौतीत बुडवली. ज्याला राहायला घर आहे त्याला क्वार्टर्स कोण देईल, हे मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं. मी सावकाश लिहिलं: स्वतःचं घर, कुटुंबासह, कुंभकोणम. हाऊस हा शब्द मी माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिला. त्यात खोटं असं काही नव्हतं. शनिवार-रविवार तो इथे राहतच होता.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, सोयीसाठी.

कागद वाळत ठेवला तेव्हा वहिनी पुढे आली. "बघू? तुमच्या अक्षरात त्यांचं नाव कसं दिसतं ते बघते." ती वाकली आणि ओळींखालून, कागदाला न शिवता, बोट फिरवत वाचू लागली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

"वन्सं, इथे लॉजिंग यायला हवं ना?"

मी तिला जितकं चांगलं शिकवलं होतं तितकं कुणाला शिकवलं नसेल. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते बरं दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांना वाटेल, भाड्याच्या कोपऱ्यात राहणारी माणसं."

मी हे अप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच मी घरात मोठ्यानं बोलले असेन. अप्पांनी झोपाळ्यावरूनच विचारलं, लॉजिंग म्हणजे काय? मी सांगितलं, भाडं देऊन दुसऱ्याच्या छपराखाली राहणं.

"छे!" अप्पा म्हणाले. "राजाच्या कचेरीत दप्तर सांभाळलेलं घराणं आपलं. साहेबापुढे असं लिहायचं? स्वतःचं घर आहे ते स्वतःचं घर म्हण. बरोबर लिहिलंय तिनं."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. सासऱ्याच्या बोलण्यावर बोलायचं नाही हे तिला साताऱ्याहूनच ठाऊक होतं. ती "बरं" म्हणाली आणि कागदाच्या कडेला पडलेला शाईचा थेंब पदराच्या टोकानं टिपला, पसरू नये म्हणून.

बुधवारी मी स्वतः तो अर्ज पोस्टात टाकला. एरवी मी रस्त्यावरून एकटी जात नसे.

पुढचे दोन महिने वहिनी दर शनिवारी विचारायची, "गाडी आता कुठवर आली असेल?" ती इकडची स्टेशनं माझ्याकडून शिकली होती. मी घड्याळाकडे बघून सांगायची, "सुंदरपेरुमाळ कोयिल." मग ती केस नीट करायला उठायची. पूर्वी हा हिशोब मी एकटी मनातल्या मनात करीत असे. तो मी तिला का शिकवला याचा पश्चात्ताप मला प्रत्येक शनिवारी होत असे.

क्वार्टर्सची यादी लागली. अण्णाचं नाव नव्हतं.

शनिवारी तो आला. कॉफीचा पेला हातात घेऊन तो म्हणाला, "हेड क्लार्कनं माझा अर्ज काढून दाखवला. म्हणाला, तुला घर असताना दुसरं कशाला मागतोस? अर्जात घर कशाला लिहिलं?"

आई चुलीशी होती. अप्पा पोथीचं पान शोधू लागले. मी चौकातल्या तुळशीकडे बघत होते.

वहिनी म्हणाली, "मी म्हटलं तसं लिहायला."

"तू?"

"लॉजिंग बरं दिसत नाही, म्हटलं. वन्सं तेच लिहीत होत्या. मीच नको म्हटलं."

अण्णानं पेला खाली ठेवला. मग त्याला हसू आलं. थकलेलं, पण हसू. "दोन अक्षरं इंग्रजी काय आलं, साहेबाला वळण लावायला निघाली! अगं वेडे, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास." आणि त्या बोलण्यात राग कमी आणि माया इतकी होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

लोकांना अशा वेळी लाज वाटत असेल. मलाही नंतर वाटली, पुष्कळ वाटली. पण त्या घडीला पहिलं जे वाटलं ते लिहिते. मला तिचा हेवा वाटला. खोटं मी लिहिलं होतं, आणि त्या खोट्यातूनही तीच चांगली होऊन बाहेर पडली होती. ते बोलणं मला सुचायला हवं होतं. निदान "मी लिहिलं" एवढं तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीसारखी वही घेऊन आली. मी म्हणाले, "तुम्ही का सांगितलंत तसं?"

ती पेन्सिलीला टोक करत होती. "तुमचा शनिवार गेला असता," ती म्हणाली.

मग तिनं पेन्सिलीची टरफलं तळहातावर गोळा केली. "माझाही आहे हो तो शनिवार," ती म्हणाली. "आठवड्यातला तेवढाच आहे."

पावसाळा सरल्यावर क्वार्टर्सची दुसरी ओळ बांधून झाली. अण्णानं पुन्हा कागद आणला आणि सही न करता तो वहिनीच्या हातात दिला. मी समोरच बसले होते. त्याच्या मनात काही नसावं. तिला सराव व्हावा, एवढंच असेल. तरी माझी लेखणी, माझी दौत आणि माझा पाट तिच्याकडे गेलेला मी पाहिला.

अप्पा झोपाळ्यावर येऊन बसण्याआधी मी त्यांच्याकडे गेले. "अप्पा," मी म्हणाले, "मागच्या वेळी ते वहिनी म्हणाल्या नव्हत्या, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी मुद्दाम लिहिलं होतं, क्वार्टर्स मिळू नयेत म्हणून. तुमच्या नावामागे लपून लिहिलं होतं. या वेळी त्यांना लॉजिंग लिहू द्या."

अप्पा माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला पुन्हा तांदूळ निवडायला जावंसं वाटलं. "आणि मूळ गाव?" ते शेवटी म्हणाले.

"ते तुमचं राहू दे."

अण्णाला मी ते सांगू शकले नाही. त्याला वहिनीनं सांगितलं असेल तर त्यानं कधी दाखवलं नाही.

वहिनीनं अर्ज भरला आणि तपासायला माझ्यासमोर ठेवला. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं टोकदार होतं. लॉजिंग जागच्या जागी होतं. कारणाच्या रकान्यात तिनं सरळ लिहिलं होतं की आम्हा दोघांना एकत्र राहायचं आहे. साहेबाला असं कुणी लिहीत नाही. मी लाल शाईची दौत जवळ ओढली होती. तिचं झाकण न उघडता मी कागद परत दिला. "ठीक आहे," मी म्हणाले.

पोंगलनंतर मी त्यांचे क्वार्टर्स बघायला गेले. एका रांगेत बारा दारं, सगळ्यांना एकच हिरवा रंग, दारावर आकडा. आत दोन खोल्या आणि मागे न्हाणी. इंजिनाच्या धुरानं खिडकीची चौकट काळी पडलेली. मी मनात उणिवा काढत होते आणि त्या पुष्कळ सापडत होत्या. छप्पर ठेंगणं. चौक नाही. तिण्णैच्या जागी तीन पायऱ्या. संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर अण्णा भिंतीला टेकून बसला, वहिनीनं मला मध्ये बसायला लावलं, आणि तो म्हणाला, "चला, शब्द. घर."

"हे सगळे झालेत," वहिनी म्हणाली. "वन्संना एकच राहिलाय. बिऱ्हाड."

मी विचार केला. मनात सगळे शब्द एकेक करून काट्यावर घातले. एकही बसेना. "मला अजून सापडला नाही," मी म्हणाले. अण्णा टाळी देत म्हणाला, "हरली! पहिल्यांदा हरली!" ती दोघं हसली, मीही हसले, आणि हसताना मला त्या ठेंगण्या छपराचा, काळ्या चौकटीचा आणि तीन पायऱ्यांचा इतका हेवा वाटला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.

सोमवारी मी परत निघाले. अण्णा कचेरीत होता, स्टेशनवर वहिनी आली. तिनं डबा दिला आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली.

तंजावर गेलं. डबा उघडून मी दोन घास खाल्ले. मला या गाडीनं शनिवारी येणारं माणूस ठाऊक होतं, गाडीत बसून मी स्वतः कधी आले नव्हते. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या फलाटावर विड्याच्या पानांच्या पाट्या चढवायला गाडी थांबली तेव्हा मी पिशवी मांडीवर घेतली. घरी आई कॉफीचं पाणी ठेवत असेल, अप्पा तिण्णैवर येऊन बसले असतील. पण माझं लक्ष मागे होतं. त्या दोन खोल्यांत आता वहिनी घड्याळाकडे बघत असेल का, आणि गाडी कुठवर आली असेल ते सांगायला तिच्याजवळ कुणी नसताना तिनं ते स्वतःशीच म्हटलं असेल का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.